पाव विमानाचा हिशेब

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "वीस मिनिटं बोल, पण सॉफ्टवेअरवर नको." मग कशावर? तर म्हणे विमानावर. आपल्या ग्रुपवर दोनेक वर्षं एक बातमी फिरते आहे की आपल्या वर्गातल्या एका मुलीनं अमेरिकेत स्वतःचं जेट घेतलंय. मागच्या बाकावरच्या मंडळींनी तर "कराडला उतरव, आम्ही हार घेऊन उभे राहतो" असा निरोपही पाठवला होता. तेव्हा आधी खुलासा करते. माझं विमान नाही, पाव विमान आहे. आम्ही चार भागीदार. त्यातला एक हिस्सा माझा आणि माझ्या नवऱ्याचा मिळून, म्हणजे काटेकोर बोलायचं तर माझ्या वाट्याला अष्टमांश. मघाशी चहाच्या वेळी एकानं विचारलंच, "तुझ्या हिश्श्यात पंख येतो का शेपटी?" खरं उत्तर असं की माझ्या हिश्श्यात मुख्यतः बिलं येतात.

मी राहते कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात. इचलकरंजीत जसे माग, तशी विचिटात विमानं. सेसना, बीच ही नावं तिथलीच. आमचं विमान सेसनाचं 'सायटेशन मस्टँग'. त्याची जुळणी इंडिपेंडन्स नावाच्या गावात व्हायची. २००६ साली त्याला परवाना मिळाला, २०१७ ला उत्पादन थांबलं आणि तोवर ४७० हून जास्त विमानं तयार झाली. आमचं २००८ सालचं, वापरलेलं. आम्ही दोघं ज्या छोट्या कंपनीत पहिल्यापासून होतो ती विकली गेली, तेव्हा हाती पैसे आले आणि त्यातून हा हिस्सा घेतला. पुण्यातल्या मोठ्या फ्लॅटएवढी किंमत पडली. आईला अजून वाटतं की फ्लॅटच घ्यायला हवा होता. हिशेबानं बघितलं तर तिचंच बरोबर आहे.

जेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं जेट येत असणार. ते जरा बाजूला ठेवा. आमच्या विमानाची आतली उंची १३७ सेंटिमीटर आहे. सातवीतला मुलगासुद्धा त्यात ताठ उभा राहू शकत नाही. पुढे दोन जागा, मागे समोरासमोर चार. मागच्या दोघादोघांचे गुडघे एकमेकांना लागतात, वडाप जीपमध्ये लागतात तसेच. शौचालय आहे, पण ते दारासमोर, वैमानिकाच्या पाठीमागे, आणि मध्ये फक्त पडदा. विमान घेतल्यापासून ते कुणी वापरलेलं नाही. निघायच्या आधी दोन तास चहा बंद, हा आमच्याकडचा पहिला नियम.

आता गणिताच्या सरांसाठी एक उदाहरण. टाक्या पूर्ण भरल्या की साधारण ११७० किलो इंधन बसतं. तेवढं भरल्यावर माणसं आणि सामान यांच्यासाठी उरतात पावणेतीनशे किलोच्या आसपास, आणि त्यात वैमानिक धरायचा. म्हणजे सहा जागांच्या विमानात टाकी भरून लांब जायचं तर माणसं तीनच. सहाही जागा भरायच्या तर इंधन कमी, म्हणजे मध्येच कुठेतरी उतरणं आलं. लहान विमान घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि प्रत्येकाचे पाहुणे तरीही दोन-दोन बॅगा घेऊन येतात. मी पाहुण्यांना वजन विचारते. सुरुवातीला संकोच वाटायचा. आता हँगरमध्ये वजनकाटाच ठेवलाय.

दुसरी गंमत उंचीची. जेट इंजिन खाली फार पितं आणि वर गेल्यावर शहाण्यासारखं वागतं. हे विमान ४१,००० फुटांपर्यंत जातं, म्हणजे तुम्ही ज्या मोठ्या विमानानं प्रवास करता त्याच्याही वर पुष्कळदा. पण २९,००० च्या वर जायला उंची मोजणारी यंत्रणा खास प्रमाणित असावी लागते, कारण तिथे दोन विमानांमध्ये फक्त हजार फुटांचं अंतर ठेवतात. तो दाखला नसेल तर तुम्ही २८,००० वर अडकलात आणि इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. थोडक्यात, कागद नसेल तर तेल जास्त जळतं.

कागदांबद्दल थोडं थांबून बोलते, कारण माझी नोकरीच त्यातली. विमानांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. विमानाचा एक साधा बोल्ट बदलला तरी त्याच्याबरोबर त्याची कुंडली येते : कुणी बनवला, कुठल्या घाण्यातला, कुणी बसवला, कुणी सही केली. एक नोंदवही हरवली की विमानाची किंमत धाडकन उतरते. लोखंड तेच, इंजिन तेच, पण पत्रिका नाही. वर बऱ्याच गोष्टींची मुदत दोन तऱ्हांनी मोजतात, उड्डाणाच्या तासांनी आणि कॅलेंडरनं. यातलं जे आधी संपेल ते लागू. विमान वर्षभर नुसतं उभं राहिलं तरी तपासण्यांच्या तारखा येत राहतात. नकाशांचा डेटा दर २८ दिवसांनी नवा घालावा लागतो. आणि उभं राहिलेलं विमान सांभाळायला सोपं असतं असंही नाही. रबरी सीलं सुकतात, बॅटरी मान टाकते, कुठेतरी ओल धरते.

आता पैसे. आकडे सांगू का नको असं वाटत होतं, पण सांगते. नाहीतर ग्रुपवर त्याहून मोठे फिरतील.

विमान एक इंचही न हलवता आम्हा चौघांना मिळून वर्षाला दीड लाख डॉलरच्या पुढे खर्च येतो. रुपयांत सव्वा कोटीच्या वर. यात हँगरचं भाडं. आमच्याकडे लिंबाएवढ्या गारा पडतात, त्यामुळे उघड्यावर ठेवायचा प्रश्नच नाही. विमा. तपासण्या आणि दुरुस्त्या. डेटाची वर्गणी. आणि चौघांचं वार्षिक प्रशिक्षण, ज्याचा आकडा ऐकून माझा नवरा पहिल्यांदा खुर्चीतच बसला. जेट चालवणाऱ्यानं तिथे दर वर्षी परीक्षा द्यावीच लागते. विमा कंपनी त्यासाठी सिम्युलेटरच्या शाळेत जायला लावते. तीन-चार दिवस एका डबड्यात बसवून तुमचं इंजिन बंद पाडतात, धूर सोडतात, बर्फ साचवतात. दहावीच्या बोर्डापेक्षा मला त्या परीक्षेची भीती जास्त वाटते, आणि ती दर वर्षी येते.

उडायला लागल्यावर वेगळा मीटर पडतो. तासाला नव्वदेक गॅलन इंधन. त्याचा भाव छोट्या गावात गॅलनला पाच-सहा डॉलर, मोठ्या शहरात आठ-नऊही. मग इंजिनांची भिशी. दोन इंजिनं, ३५०० तासांनी प्रत्येकाची पूर्ण उघडझाप. तो खर्च एकदम अंगावर येऊ नये म्हणून प्रत्येक तासाला ठरावीक रक्कम इंजिनाच्या योजनेत भरायची. भिशी चालू असलेलं विमान विकलं जातं, भिशी मोडलेल्याकडे कुणी बघत नाही. टायर, ब्रेक धरून सगळे मिळून तासाला अकराशे डॉलरच्या आसपास जातात.

कुणीतरी विचारेल, जुनं स्वस्त विमान का नाही घेतलं? मिळतात ना. सेसनाचं पहिलं सायटेशन १९६९ साली उडालं. त्या पिढीतली विमानं आज नव्या जेटच्या किमतीच्या लहानशा तुकड्यात मिळतात. पण त्यांच्या इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीचं बिल पुष्कळदा अख्ख्या विमानाच्या किमतीच्या वर जातं. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून चारा स्वस्त होत नाही. आणि भाड्यानं देऊन पैसे का काढत नाही, हा आपल्या सीए मित्राचा प्रश्न. पैसे घेऊन माणसं न्यायची तर तो वेगळा धंदा, त्याचं वेगळं प्रमाणपत्र, वेगळ्या तपासण्या. तुला जास्त रस असेल तर तुझ्या विषयातलं सांगते : आपल्याकडे स्वतःच्या वापरासाठी विमान घेतलं तर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. तेव्हा तू तुझ्या अशिलांना सावध कर.

मग घेतलंच कशाला? अमेरिकेत सार्वजनिक वापराचे विमानतळ पाच हजारांच्या घरात आहेत आणि प्रवासी कंपन्या त्यातल्या पाचशेच्या आसपास ठिकाणीच जातात. माझी बहीण टेक्सासमध्ये अशा गावी राहते की तिकडे जायचं तर डॅलसला विमान बदला, तिथे ताटकळा, दिवस गेला. आम्ही दीड तासात तिच्या गावच्या धावपट्टीवर असतो. आणि त्या छोट्या विमानतळांची एक फार गोड रीत आहे. तिथे येणाऱ्या वैमानिकाला गावात जेवून यायला फुकट गाडी देतात. गाडी म्हणजे बहुतेक वेळा पोलिसांनी टाकून दिलेली जुनी मोटार, दार आतून उघडत नाही, आसन फाटलेलं. किल्ली खिळ्याला टांगलेली असते. वहीत नाव लिहायचं, न्यायची, येताना थोडं पेट्रोल भरायचं. लाखो डॉलरच्या जेटमधून उतरून अशा गाडीतून वडे शोधत, म्हणजे तिकडचे बर्गर शोधत, फिरण्यात जी मजा आहे ती मला कुठल्या हॉटेलात मिळाली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. मघाचे दोन आकडे घ्या. स्थिर खर्च दीड लाख. वर्षात दीडशे तास उडालो तर तासाला त्यातले हजार पडतात. पन्नासच तास उडालो तर तीन हजार. म्हणजे जितकं जास्त उडाल तितका तास स्वस्त. छेद वाढवला की भागाकार लहान होतो, हे आपण पाचवीत शिकलो. हा भागाकार प्रत्येक मालकाच्या डोक्यात बसलेला असतो. आकाश काळं झालेलं असतं, मन कां-कू करत असतं, आणि आतून कुणीतरी म्हणतं, "अगं, पैसे तर भरलेच आहेत."

विमानकंपनीत वैमानिकाला पगार उड्डाणाचा मिळतो, पण विमान त्याचं नसतं. जायचं का नाही हे ठरवायला जमिनीवर दुसरा माणूस बसलेला असतो, शेजारी दुसरा वैमानिक असतो. छोट्या जेटमध्ये ज्याला पोचायची घाई आहे, ज्यानं पैसे भरलेत, ज्याची बायको-पोरं मागे बसलीत आणि ज्यानं निर्णय घ्यायचाय, तो एकच माणूस.

अमेरिकेत याचं एक जुनं उदाहरण सगळे वैमानिक सांगतात. थर्मन मन्सन हा न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा कर्णधार होता. घर ओहायोतल्या कँटनला. सामने न्यूयॉर्कमध्ये, बायको-मुलं कँटनमध्ये, म्हणून सुट्टीच्या दिवशी घरी जाता यावं यासाठी तो विमान चालवायला शिकला आणि १९७९ च्या उन्हाळ्यात त्यानं सायटेशन घेतलं. २ ऑगस्टला आपल्याच गावच्या विमानतळावर उतरण्याचा सराव करताना वेग कमी झाला, ते वेळेत लक्षात आलं नाही आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. बरोबरचे दोघं वाचले, तो गेला. वय ३२. विमान घेऊन जेमतेम महिना झाला होता. त्यानं काही मौजेसाठी घेतलं नव्हतं ते. घरी जायला मिळावं म्हणून घेतलं होतं. मला त्या गोष्टीतलं हेच जास्त लागतं, कारण आम्ही सगळेच ते सांगतो : कामासाठी, घरच्यांसाठी.

आमच्या चौघांत सगळ्यात ज्येष्ठ आहेत एक निवृत्त सर्जन. आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणतो. या विमानाची कल्पना त्यांची. मी परवाना घेतला तेव्हा विमा कंपनीची अट होती की पहिले पन्नास तास शेजारी अनुभवी वैमानिक हवा. माझ्या शेजारी ते बसले. पन्नास तास, एक पैसा न घेता. गडबड होते तेव्हा आधी हात मांडीवर ठेवायचे, मग विचार करायचा, आणि मगच बटणाला हात लावायचा, हे त्यांनी शिकवलं. ऑपरेशनच्या टेबलावरची सवय असणार.

पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी दोन नियम घातले. एक, हवामानाबद्दल शंका असेल तर बाकीच्या तिघांपैकी एकाला फोन करायचा. तो 'नको' म्हणाला की संपलं, वाद नाही. दुसरा नियम मला जास्त आवडतो. दर वर्षी चौघांनी मिळून काही पैसे एका वेगळ्या खात्यात टाकायचे. कुणी उडणं रद्द केलं तर त्याचं हॉटेल, भाड्याची गाडी, विमानकंपनीचं तिकीट त्या खात्यातून. आम्ही त्याला 'नाहीचं खातं' म्हणतो. वर्षाअखेरीस त्यात शिल्लक राहिली तर डॉक्टर चिडायचे. म्हणायचे, वर्षभर हवा इतकी चांगली होती का?

दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, त्यांच्या नातीचा पदवीदान समारंभ ऑस्टिनला होता. संध्याकाळी ओक्लाहोमावर वादळांची रांग उभी राहिलेली. त्यांनी नियमाप्रमाणे मला फोन केला. मधून फट दिसते आहे, पश्चिमेकडून वळसा घालतो, असं म्हणाले. मी रडार बघत होते. मी नको म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे." रात्रभर गाडी चालवत, हॉटेलात दोन तास झोपून, सकाळी समारंभाला पोचले. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी ऑफिसात त्यांनी पाठवलेली पेकानची मोठी पिशवी आली, चिठ्ठी वगैरे काही नाही. पेकान म्हणजे तिकडचा अक्रोडाचा भाऊ.

डॉक्टर येत्या मार्चमध्ये सत्तर वर्षांचे होतील. विमा कंपनीचं पत्र आलंय : यापुढे ते एकटे वैमानिक म्हणून चालणार नाहीत, शेजारी दुसरा परवानाधारक वैमानिक हवा, नाहीतर सगळ्यांचाच हप्ता जवळजवळ दुप्पट. डॉक्टरांचं म्हणणं, वाढीव हप्ता मी एकटा भरतो, मला एकट्याला उडू द्या. पैशाच्या दृष्टीनं आम्हा तिघांचं काहीच जात नाही. सिम्युलेटरच्या परीक्षेत ते अजूनही उत्तीर्ण होतात. पण गेल्या वर्षभरात दोनदा मी त्यांच्या शेजारी बसले आणि दोन्ही वेळा रेडिओवरची सूचना त्यांनी पुन्हा विचारली. दोनदाच. कदाचित रेडिओ खराब असेल. मी नोंदी ठेवणारी बाई आहे, त्यामुळे दोन्ही तारखा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत.

दुसरा पर्याय विमान विकायचा. त्यांच्या हिश्श्याला गिऱ्हाईक मिळालं नाही तर तसंही बाकी तिघांना हा चारा झेपणार नाही. म्हणजे मी त्यांना 'नको' म्हटलं तर बहुधा माझंही उडणं संपेल. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पाव विमान सुटलं म्हणून कुणी उपाशी राहत नाही, आणि फ्लॅटचा प्रश्न आई पुन्हा काढेलच. पण ज्यानं पन्नास तास शेजारी बसून शिकवलं, त्याला हे सांगायचं कसं, याचा सराव कुठल्याच सिम्युलेटरमध्ये नाही. इथे आपले सर बसलेत, बाई बसल्यात. त्यांच्यापैकी कुणाला असं काही सांगायची वेळ आली असती तर मला जमलं असतं का, असा विचार काल रात्री प्रवासात करत होते.

आता राहिलं कराड. आपल्या गावची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी झाली, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तिच्या कुंपणाबाहेर उभं राहून मी पहिलं विमान बघितलं. तिथे उतरायला मला फार आवडलं असतं. पण आमच्या विमानाचा पल्ला साधारण २१०० किलोमीटरचा. विचिटाहून इकडे यायचं म्हणजे कॅनडा, ग्रीनलंड, आइसलँड, स्कॉटलंड असं करत आठ-दहा ठिकाणी इंधन घेत यायचं, आणि देशात शिरताना कस्टम्स असलेल्या विमानतळावरच उतरावं लागतं, म्हणजे आधी मुंबई. त्यापेक्षा मी आले तशी आले : मुंबईपर्यंत विमानकंपनी, पुढे एसटी. खिडकीची जागा मिळाली, गुडघेही कुणाला लागले नाहीत.

भागीदारांची बैठक पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी आहे. इकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांच्या घरी जाऊन माझं मत सांगून आले. बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. दोन्ही तारखा विचारल्या, कागदावर लिहून घेतल्या, आणि मला दारापर्यंत सोडायला आले.